खेळ बघणाऱ्यांचाही : एक प्रस्तावना

वेरूळच्या चौदाव्या लेण्याला ‘रावण की खाई’ म्हणतात. त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर अर्धस्तंभांनी आखलेल्या चौकटींत शैव शिल्पपट ओळीने कोरलेले आहेत. सुरुवातीला महिषासुराला मारणारी देवी आहे, पुढे तांडव करणारा शिव, त्याच्या पुढे कैलास हलवू पाहणारा रावण. देवी आणि तांडव यांच्या मधल्या चौकटीत शिवपार्वती सारीपाट मांडून बसले आहेत. हाच प्रसंग एकविसाव्या रामेश्वर लेण्यात आहे आणि एकोणतिसाव्या धुमार लेण्यातही आहे. ज्यांनी ही लेणी खोदवली त्यांच्याकडे भिंतीवरची जागा मोजकीच होती. ती वाटताना त्यांनी असुराचा वध आणि नवराबायकोचा डाव शेजारी शेजारी बसवला, एकाला मोठं आणि दुसऱ्याला किरकोळ ठरवलं नाही.

या शिल्पात खेळणाऱ्यांइतकेच बघणारे महत्त्वाचे आहेत. चौदाव्या लेण्यात शिवाच्या मागे गणपती उभा आहे, पार्वतीच्या मागे तिच्याकडची माणसं आहेत, आणि दोघांच्या मधोमध, पटाच्या पलीकडून, हाडकुळा भृंगी डाव बघतो आहे. खाली नंदी आणि गणांची गर्दी. भृंगी तिथे असणं साधं नाही. शिवाला प्रदक्षिणा घालताना पार्वतीला वगळणारा तो ऋषी. म्हणजे साक्षीदार आहे, पण एका बाजूचा. आपल्याकडच्या सोळा सोमवारच्या कहाणीतही हाच पेच आहे. देवळात शंकरपार्वती सारीपाट खेळतात, कोण जिंकलं म्हणून गुरवाला विचारतात, गुरव शंकराचं नाव घेतो आणि पार्वतीच्या शापाने कोडी होतो. डाव दोघांचा, पण निकाल तिसऱ्याच्या तोंडून यायचा, आणि त्या तिसऱ्याच्या खरेपणावर सगळं अवलंबून. माणसाच्या खेळाची ही मूळ रचना आहे असं मला वाटतं. पुढच्या पानांत ज्या व्हिडिओ गेमची हकीकत येणार आहे, तिने नेमका याच रचनेला हात घातला.

खेळाची भीतीही या भागाला नवी नाही. चक्रधरस्वामी वेरूळला, तेव्हाच्या एळापुरात, दहा महिने राहिले. त्यांच्या पूर्वायुष्याची लीळाचरित्रातली हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे: भरूचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरतो, पैसे चुकते करायला बायकोचे अलंकार मागतो, ती देत नाही, आणि त्या नकारातून तो घराबाहेर पडतो तो रामटेकची वाट धरून. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ ज्यांच्याविषयी आहे, त्यांच्या संन्यासाच्या मुळाशी एक हरलेला डाव आहे. म्हणून १९९० नंतर आईबापांनी व्हिडिओ गेमकडे संशयाने पाहिलं तेव्हा ते मागासलेले होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मागे द्यूताची मोठी स्मृती होती. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा केवळ कौशल्याच्या खेळांना वगळतो, पण व्हिडिओ गेम पार्लरच्या पडद्यावर कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं हे बाहेरून दिसत नाही. ‘व्हिडिओ गेम पार्लर’च्या पाटीआड जुगाराची यंत्रं चालवल्याच्या आणि त्यांवर पडलेल्या छाप्यांच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांना नेहमीच्याच. पोरगं तिथे जातं हे कळल्यावर बापाचा चेहरा उतरायचा, तो उगाच नव्हे.

आता १९७२. घरातल्या टीव्हीला जोडायचं पहिलं व्हिडिओ गेमचं यंत्र, मॅग्नावॉक्स कंपनीचं ओडिसी, अमेरिकेत त्या वर्षी विकायला आलं. ते घडवणारे राल्फ बेअर हे नाझींच्या छळामुळे लहानपणी जर्मनी सोडून गेलेले अभियंते. ओडिसीच्या खोक्यात यंत्राबरोबर काय काय होतं ते पाहण्यासारखं आहे: फासे, पत्ते, खोट्या नोटा, सोंगट्या, पट, आणि टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक पडदे. यंत्र स्वतः पडद्यावर काही पांढरे ठिपके आणि एक रेघ एवढंच दाखवू शके. मैदान, चक्रव्यूह, बर्फाची उतरण हे सगळं त्या चिकटवलेल्या पडद्यावर छापलेलं. आणि यंत्राला गुण मोजता येत नव्हते. किती झाले ते माणसांनीच कागदावर लिहायचं, ठिपका रेघेच्या आत होता की बाहेर यावर माणसांनीच भांडायचं. म्हणजे व्हिडिओ गेम घरात आला तेव्हा तो सारीपाटाचाच नातलग होता; फासे बरोबर घेऊन आला होता आणि त्याला भृंगी लागत होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस अटारीचा पाँग आला. अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी तो बनवला. दोन फळ्या, एक चेंडू, आणि वर मोठ्या आकड्यांत गुण. त्या आकड्यांचं महत्त्व चेंडूपेक्षा कमी नाही. इथे खेळाचं साहित्य स्वतःच पंच झालं. फाशाला आपण किती पडलो ते माहीत नसतं, बुद्धिबळाच्या पटाला शह कळत नाही. पाँगच्या मंडलांना चेंडू निसटल्याचं कळत होतं आणि ती कोणाचीही बाजू घेत नव्हती. गुरव सुटला. मग बघणाऱ्यांचं काम काय उरलं? ते संपलं नाही, बदललं. आणि कसं बदललं ते सिलिकॉन व्हॅलीपेक्षा आपल्या वाड्यांत, चाळींत, गल्ल्यांत जास्त स्पष्ट दिसतं. या विषयावर मराठीत लिहिलं जावं अशी माझी इच्छा त्यासाठीच आहे.

मधली दहा वर्षं मी भरभर ओलांडतो, कारण ती जगाच्या इतिहासात नीट नोंदलेली आहेत. १९७६मध्ये फेअरचाइल्डच्या चॅनल एफ या यंत्रात जेरी लॉसन यांच्या चमूने खेळ बदलण्यासाठी सुटी कॅसेट आणली. १९७७मध्ये अटारीचं यंत्र आलं, ज्याची कामाची स्मृती अवघी १२८ बाइट होती. या परिच्छेदातलं एक वाक्यसुद्धा तिच्यात मावणार नाही. १९७८मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स केला. त्यातले शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले वेगाने धावतात. हा मुळात हिशेबाचा भाग नव्हता; काढायच्या आकृत्या कमी झाल्या की प्रोसेसरचं ओझं हलकं होऊन खेळ आपोआप वेग घेई, आणि निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. अटारीच्या प्रोग्रामरांची नावं तेव्हा खेळावर येत नसत. वॉरन रॉबिनेट यांनी अ‍ॅडव्हेंचर या खेळात एका गुप्त खोलीत आपलं नाव लपवलं. काही जण कंपनी सोडून गेले आणि १९७९मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. निर्मात्याच्या नावाची ही भूक पुढे आपल्या गोष्टीतही येणार आहे.

मग १९८३. त्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि अटारीने न विकलेल्या कॅसेटी ट्रकांनी नेऊन न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचराडेपोत पुरल्या. त्याच वर्षीच्या १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोने फॅमिकॉम हे यंत्र बाजारात आणलं. आणि त्याच वर्षी वेरूळ आणि अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. या तारखांत कार्यकारण काही नाही, योगायोग आहे. पण एक जुनी कला जपण्याचा ठराव होत असताना एक नवी कला खड्ड्यात टाकली जात होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो खड्डा २०१४मध्ये पुन्हा उकरला गेला आणि त्यातल्या फुटक्या कॅसेटी संग्रहालयांत गेल्या. पुरल्यापासून वारसा ठरण्यापर्यंत ३१ वर्षं लागली.

फॅमिकॉमवर थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे ओळखलं गेलं ते बहुतेक हेच यंत्र, वेगळ्या नावांनी. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली. प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांनी चालणारा, कामाची स्मृती २ किलोबाइट, चित्रासाठी वेगळी २ किलोबाइट. १३ सप्टेंबर १९८५ला आलेला सुपर मारिओ ब्रदर्स हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज फोनवर आलेला शुभेच्छांचा एक फोटो त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत बत्तीस टप्पे, गाणी, पाणी, किल्ले कसे बसवले? मारिओतला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, रंग फक्त बदललेला. लहानपणी शेकडो वेळा खेळूनही हे बहुतेकांच्या लक्षात आलं नाही. एकदा कळलं की मात्र त्या खेळाकडे पाहण्याची नजरच बदलते. तो आपोआप घडलेला चमत्कार राहत नाही. कोणीतरी बसून, कात्री लावून, प्रत्येक तुकड्याचा दुहेरी वापर करून तो बेतलेला आहे, हे दिसू लागतं. मुलांना संगणक शिकवणाऱ्या प्रत्येकाने हा ढग आणि हे झुडूप एकदा तरी शेजारी ठेवून दाखवावं.

हे यंत्र आपल्याकडे आलं ते मात्र सरळ वाटेने आलं नाही. १९९१पूर्वी परदेशी इलेक्ट्रॉनिक्सवरची बंधनं आणि जबर आयातशुल्क यांमुळे असली यंत्रं आखातातून किंवा अमेरिकेतून आलेल्या मामा-काकांच्या बॅगेत नाही तर मुंबईत मनीष मार्केट, लॅमिंग्टन रोड अशा ठिकाणी भेटत. तोवर तैवानमध्ये मोठी गोष्ट घडली होती. यूएमसी या कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपांच्या चालत्या नकला तयार केल्या आणि त्या वापरून असंख्य कारखान्यांनी स्वस्त यंत्रं काढली. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निन्टेन्डो यंत्रात बनावट कॅसेट ओळखणारी कुलूपचिप होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. नकला झाल्या त्या या कुलूप नसलेल्या जपानी यंत्राच्या. म्हणून त्यांच्या कॅसेटीला ६० पिना असत, अमेरिकी ७२ नव्हे. आपल्याकडे समुराई, मीडिया अशा नावांनी ही यंत्रं दुकानांत आली, वर्तमानपत्रांत जाहिराती आल्या, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नाव नसलेली यंत्रंही आली. सेगाचं यंत्र १९९०च्या दशकात शॉ वॉलेसने अधिकृतपणे आणलं होतं, पण किंमत अशी की मराठवाड्यातल्या नोकरदार घराने त्याची चित्रंच पाहावीत.

नक्कल म्हणून या यंत्रांना हिणवणं सोपं आहे. मला तसं करायचं नाही. रशियात डेंडी, ब्राझीलमध्ये आणखी काही, आपल्याकडे समुराई; जगातल्या मोठ्या भागाचं बालपण या नकलांवर उभं आहे. पण नकलेची किंमत इतिहासाला मोजावी लागली. फॅमिकॉम किती विकले गेले याचे आकडे निन्टेन्डोकडे आहेत. त्यात आपलं एकही यंत्र नाही. ‘९९९ इन वन’ कॅसेटच्या यादीत प्रत्यक्षात थोडेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत, आणि त्यांच्या पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव आणि वर्ष अनेकदा पुसलेलं असे. जपानी कंपन्या आपल्या कलाकारांना टोपणनावांनी काम करायला लावत, आणि नक्कल करणाऱ्यांनी उरलंसुरलं नावही काढून टाकलं. त्यामुळे तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्यात नाही तर शहागंजात मोठ्या झालेल्या माणसाला ‘टँक’ आठवतो, पण तो नामकोने १९८५मध्ये काढलेला बॅटल सिटी होता हे त्याला कधी कोणी सांगितलं नाही. पार्लरमधला ‘मुस्तफा’ कॅपकॉमने १९९३मध्ये एका अमेरिकी चित्रकथेवरून केलेला कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स होता. खेळ आपल्याकडे अनाथ होऊन आले आणि इथल्या मुलांनी त्यांना दत्तक घेऊन नावं ठेवली. कागदोपत्री नोंद नसलेल्या या दत्तकविधानाची हकीकत लिहायची तर ती इथूनच लिहावी लागेल. क्योतो किंवा कॅलिफोर्नियाच्या दप्तरात ती सापडणार नाही.

आणि पडदा? यंत्र तैवानचं, खेळ जपानचा, पण ज्या काचेवर तो दिसला ती बऱ्याच घरांत आपल्या जिल्ह्यात जुळवलेली होती. तेव्हाच्या औरंगाबादच्या वायव्येला वेरूळ, दक्षिणेला पैठण रस्त्यावर चितेगाव. चितेगावला व्हिडिओकॉनचा टीव्हीचा कारखाना उभा राहिला आणि जपानच्या तोशिबाच्या तंत्रसाहाय्याने रंगीत टीव्ही करू लागला. टीव्हीच्या नळीची काच करणारा व्हिडिओकॉनचा कारखाना भरूचजवळ होता, हरिपाळदेवाच्या भरूचजवळ. १९८२च्या आशियाई खेळांनी देशाला रंग दाखवला, आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत घरोघरी गेलेल्या रंगीत टीव्हींमध्ये चितेगावच्या कामगारांचा हात मोठा होता. त्यांच्या मुलांनी त्याच टीव्हीवर कॉन्ट्रा खेळला असेल. व्हिडिओ गेमच्या जागतिक इतिहासात या जिल्ह्याचं नाव घालायचं तर ते या ठिकाणी हक्काने घालता येतं. २०१८मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या कारखान्यांत काम केलेल्या माणसांच्या आठवणी लिहून घेण्याचं काम आता लांबवण्यासारखं राहिलेलं नाही.

तो जुना टीव्ही खेळाचा निम्मा भाग होता, हे नव्या पिढीला समजावून सांगावं लागतं. डक हंटची बंदूक घ्या. ती काही फेकत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या प्रकाशसंवेदकाला तो उजेड दिसला तर नेम लागला. हा सगळा हिशेब जुन्या नळीच्या टीव्हीत किरण वरून खाली ओळी आखतो त्या वेळेवर बेतलेला आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा आणि वेगळ्या रीतीने उमटतं, म्हणून ती बंदूक तिथे आंधळी होते. आपल्या पाल पद्धतीत पडद्यावर सेकंदाला ५० वेळा चित्र आखलं जाई, जपानी-अमेरिकी पद्धतीत ६० वेळा; यूएमसीने पाल टीव्हींसाठी वेगळ्या चिपा केल्या, आणि आपला मारिओ बऱ्याच घरांत मूळ मारिओपेक्षा थोडा सावकाश धावला. त्याच्या उडीचा अंदाज आपल्या बोटांत त्या सावकाश वेगाचा बसलेला आहे.

‘गेम खेळून टीव्हीची ट्यूब जाते’ हे तर प्रत्येक घरात ऐकलेलं. त्यात अर्धं सत्य होतं. नळीच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा थर असतो. एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिलं तर त्या जागचा थर लवकर झिजतो आणि डाग उरतो. पाँगसारख्या खेळात कडेच्या रेघा हलत नसत, तिथे हा धोका खरा होता. मारिओसारख्या सरकत्या चित्रात तो फारच कमी. पण घरात एकच टीव्ही, तोही हप्त्यावर घेतलेला. अशा वेळी बापाने फॉस्फरचं शास्त्र तपासत बसावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचंही तसंच. फुंकरीने खेळ सुरू होतो असं सगळ्यांना वाटे. सुरू होई तो कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे, फुंकरीतल्या ओलाव्याने पिनांवर उलट गंजच चढे. दुरुस्तीवाले खोडरबर किंवा स्पिरिटचा बोळा फिरवत, ते बरोबर होतं. पुढे यंत्रं आणखी स्वस्त झाली तेव्हा सगळं मंडल एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली झाकून येऊ लागलं आणि दुरुस्तीवाल्याला उघडून बघण्यासारखं काही उरलं नाही.

आता पुन्हा बघणाऱ्यांकडे. यंत्राला दोन रिमोट, पोरं सात-आठ. गुण यंत्र मोजत होतं, त्यामुळे कोण जिंकलं यावर वाद नव्हता. वाद होता पाळीवर. मारिओत एकाची लाईफ गेली की दुसऱ्याची पाळी, हा नियम खेळातच होता. पण तिसऱ्या-चौथ्याचा नियम खोलीने करायचा असे. एका लाईफला बदल, की गेम ओव्हर झाल्यावर बदल? ज्याचं यंत्र त्याला जास्त पाळी का? कॉन्ट्राच्या धबधब्याच्या टप्प्यात वर चढणारा घाईने पुढे गेला की पडदा सरकतो आणि खालचा जोडीदार मरतो. इथे जोडीदारासाठी थांबायचं असतं हे बघणारे ओरडून सांगत. टँकमध्ये दोघांनी मिळून एकच गरुड राखायचा, जोडीदाराला गोळी लागली तर तो थोडा वेळ गोठतो. त्यात स्वतः नकाशा रचण्याची सोयही होती. विटा, पाणी, झाडी आपल्या मनाने मांडायची आणि मित्राला त्यात खेळायला बसवायचं. किती मुलांनी आयुष्यातली पहिली रचना अशी केली असेल. कॉन्ट्रात तीस लाईफ देणारी कळांची ती प्रसिद्ध ओळ मुळात कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६मध्ये ग्रॅडियस या खेळाच्या वेळी बसवली होती, खेळ तपासताना त्यांना स्वतःलाच तो फार अवघड जाई म्हणून. इंटरनेट नसताना ती वहीच्या मागच्या पानांवरून आणि तोंडातोंडी गावोगाव गेली. ती नेणारे बहुतेक बघेच असतील. खेळणाऱ्याला मान वर करायला सवड कुठे?

बघणाऱ्यांत मुली होत्या, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. पार्लरमध्ये त्या जवळपास नसतच. घरी रिमोट आधी भावाकडे, मग भावाच्या मित्राकडे, उरला वेळ तर बहिणीकडे. पण पुढच्या वळणावर काय येणार, कुठल्या विटेत जादा लाईफ आहे, हे मागे बसून पाहिलेल्या बहिणींना अनेकदा खेळणाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असे. व्हिडिओ गेमच्या आठवणी गोळा करणारे सहसा खेळणाऱ्यांना विचारतात. त्यांनी या बायकांना विचारलं तर वेगळाच इतिहास हाती लागेल, आणि चौदाव्या लेण्यात पार्वती पटावर बरोबरीने बसलेली आहे याची लाज आपल्या पिढीला थोडी वाटली तर बरं.

आपली आवडसुद्धा या परिस्थितीनेच घडवली. मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती; लोडशेडिंगची वेळ झाली की सातव्या जगात पोहोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या विटेपाशी. लांब कथेचे, साठवून ठेवून महिनाभर खेळायचे जपानी खेळ आपल्याकडे रुजले नाहीत. त्यांना बॅटरी असलेली महाग कॅसेट लागे, आणि जपानी किंवा इंग्रजी मजकूर वाचावा लागे. जे रुजले ते अक्षरओळखीशिवाय कळणारे आणि वीज जाण्याआधी संपणारे: कॉन्ट्रा, सर्कस, रोड फायटर, आयलँडर, बॉम्बरमॅन. मराठवाड्याच्या विजेच्या वेळापत्रकाने इथल्या मुलांची खेळाची रुची ठरवली, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो.

हे सगळं आज लिहायचं कारण वस्तू टिकत नाहीत. जुन्या यंत्रांतले कपॅसिटर गळतात, प्लॅस्टिक पिवळं पडतं, रिमोटमधलं रबर कडक होतं, आणि माळ्यावरची खोकी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातात. राल्फ बेअर यांचं पहिलं नमुनायंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेलं आहे. उएमुरा निवृत्तीनंतर क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठात खेळांच्या अभ्यासात काम करत राहिले. आपल्याकडे सारीपाट, गंजिफा, मोक्षपट यांवर चांगलं काम झालं आहे, दगडांवर कोरलेल्या मंकळाच्या खळग्यांची, नवकंकरीच्या चौकटींची नोंद नाणेघाटापासून लेण्यांपर्यंत होते आहे. त्या मालिकेत समुराईची कॅसेट बसवायला कोणी धजावत नाही, कारण ती प्लॅस्टिकची आहे आणि नक्कल आहे. माझ्या मते ती त्याच मालिकेतली आहे.

२०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने ‘राजी’ हा खेळ काढला. २०१७मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी तो पुरा केला. भारतीय देवळं, पुराणकथा, एक मुलगी नायिका. आणि तो सर्वांत आधी आला तो निन्टेन्डोच्या यंत्रावर, या वेळी परवान्याने, निर्मात्यांच्या नावासकट. कॅसेटवरून पुसलेल्या नावांपासून या नावापर्यंतचं अंतर मोजायला पुढची पानं उपयोगी पडावीत. वाचकाने ती क्रमानेच वाचावीत असा आग्रह नाही. ज्याच्या घरी जुनं यंत्र अजून आहे त्याने दुरुस्तीचा भाग आधी वाचावा, आणि खोडरबर जवळ ठेवावं.